घटक ४ : जोव्हान्नी दोमेनिको कॅसिनी – दोन रंगांच्या चंद्राचे कोडे

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला :
• सतराव्या शतकातील खगोलशास्त्रज्ञ जोव्हान्नी दोमेनिको कॅसिनी यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• आयापिटस या शनीच्या उपग्रहाचे कोडे आणि ते सोडविताना कॅसिनी यांनी वापरलेली विचारपद्धती स्पष्ट करता येईल.
• विज्ञान आणि विज्ञानसाहित्य एकाच गूढाकडे कसे वेगवेगळ्या रीतीने पाहतात, याचे विवेचन करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, विज्ञानकथेच्या प्रांतात दूरच्या एखाद्या चंद्रावरील अनाकलनीय भूरचना हा लेखकांचा आवडता विषय आहे. माणूस तेथे पोहोचतो, त्याला अशी एखादी रचना आढळते की जिचा उगम निसर्गात शोधावा की कोणा बुद्धिमान जीवाच्या हातात, हे त्याला ठरविता येत नाही, आणि कथा सुरू होते. अशा कथांपैकी जगभर गाजलेली एक कादंबरी १९६८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील चंद्र मात्र काल्पनिक नाही. तो शनीभोवती खरोखर फिरतो, त्याचे नाव आयापिटस आहे आणि त्याचे विलक्षण वर्तन प्रथम ज्यांच्या लक्षात आले ते खगोलशास्त्रज्ञ त्या कादंबरीच्या अडीच शतके आधीच निवर्तले होते.

ते खगोलशास्त्रज्ञ म्हणजे जोव्हान्नी दोमेनिको कॅसिनी. प्रस्तुत घटकात आपण त्यांचे चरित्र पाहणार आहोत. शास्त्रज्ञाचे चरित्र म्हणजे केवळ त्याच्या शोधांची जंत्री नव्हे. जे माहीत आहे आणि जे माहीत नाही, त्यांच्या सीमारेषेवर तो माणूस कसा वागला, हे चरित्रकाराने पाहावयाचे असते. या दृष्टीने कॅसिनी यांचे जीवन विशेष बोधप्रद आहे. कारण त्याच सीमारेषेवर त्यांनी एकदा असामान्य धीर दाखविला आणि एकदा हाताशी आलेले सत्य सोडून दिले.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ बालपण आणि शिक्षण

कॅसिनी यांचा जन्म ८ जून १६२५ रोजी पेरिनाल्दो या डोंगरमाथ्यावरील लहानशा गावी झाला. हे गाव आजच्या इटलीच्या लिगुरिया प्रांतात, फ्रान्सच्या सीमेपासून जवळ आहे. त्यांचे लहानपण मामांच्या छत्राखाली गेले. पुढे जेनोआ येथील जेझुइट पंथीयांच्या महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. गणित, काव्य आणि ज्योतिष या तीनही विषयांची त्यांना गोडी होती.

त्या काळी खगोलशास्त्र आणि फलज्योतिष यांची फारकत झालेली नव्हती. तरुण कॅसिनी यांनी फलज्योतिषाचा कसून अभ्यास केला. मात्र पिको देल्ला मिरान्दोला या पंधराव्या शतकातील विचारवंताने फलज्योतिषाचे केलेले खंडन त्यांच्या वाचनात आले आणि त्या विद्येवरील त्यांचा विश्वास उडाला. गंमत अशी, की त्यांना पहिली संधी मिळाली ती याच विद्येच्या लौकिकामुळे. बोलोन्या नगरातील एक धनिक सरदार कोर्नेलिओ माल्व्हाझिआ यांना फलज्योतिषाचे वेड होते. बोलोन्याजवळ पान्झानो येथे त्यांनी स्वतःची वेधशाळा उभारली होती. तेथे काम करण्यासाठी त्यांनी कॅसिनी यांना बोलावून घेतले. भविष्यकथनासाठी का होईना, पण ग्रहांची अचूक स्थाने हवीत असा माल्व्हाझिआ यांचा आग्रह होता. त्यामुळे उत्तम उपकरणे आणि अनुभवी विद्वानांचा सहवास या दोन्ही गोष्टी कॅसिनी यांना ऐन तारुण्यात लाभल्या. १६५० साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, ते बोलोन्या विद्यापीठात खगोलशास्त्राचे प्राध्यापक झाले.

४.३.२ बोलोन्या : प्रार्थनामंदिरातील सूर्यकिरण

बोलोन्या हे पोपच्या सत्तेखालील नगर होते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे प्रतिपादन केल्याबद्दल गॅलिलिओ यांना १६३३ साली रोममध्ये शिक्षा झाली होती, त्या घटनेला वीस वर्षेही झाली नव्हती. अशा वातावरणात सूर्यमालेच्या रचनेविषयी उघडपणे बोलणे धोक्याचे होते. कॅसिनी यांनी वाद टाळला आणि मोजमापाचा मार्ग धरला.

नगरातील सान पेत्रोनिओ या भव्य प्रार्थनामंदिरात मागच्या शतकात एक याम्योत्तर रेषा आखलेली होती. छतातील लहानशा छिद्रातून आत येणारा सूर्यकिरण माध्यान्ही या रेषेवर पडे आणि त्यावरून विषुवदिन कोणता हे ठरविता येई. ईस्टरचा सण कोणत्या दिवशी साजरा करावयाचा हे विषुवदिनावर अवलंबून असल्यामुळे धर्मसंस्थेलाही या गणिताची गरज होती. मंदिराच्या विस्तारामुळे ती जुनी रेषा निकामी झाली तेव्हा नवी रेषा आखण्याची जबाबदारी कॅसिनी यांनी मागून घेतली. मंदिरातील उंच खांबांच्या दाटीतून इतकी लांब सरळ रेषा काढणे अशक्य आहे, असे अनेकांचे मत होते. कॅसिनी यांनी सुमारे २७ मीटर उंचीवर छिद्र घेतले आणि खांबांना स्पर्श न करता जाणारी सुमारे ६७ मीटर लांबीची रेषा साधली. १६५५ च्या जून महिन्यातील अयनदिनी नगरातील विद्वानांना निमंत्रण देऊन त्यांनी सूर्यबिंबाचा रेषेवरील प्रवास सर्वांसमक्ष दाखविला.

या रेषेचा खरा उपयोग पुढे झाला. सूर्य वर्षभरात आकाशात कधी जलद, तर कधी सावकाश सरकताना दिसतो. हा फरक केवळ अंतर बदलल्यामुळे भासतो की गतीच खरोखर कमीजास्त होते, हा त्या काळातील कळीचा प्रश्न होता. फरक निव्वळ अंतरामुळे भासत असेल, तर गतीत जेवढा फरक दिसतो तेवढाच सूर्यबिंबाच्या व्यासातही दिसला पाहिजे. कॅसिनी यांनी फरशीवर पडणाऱ्या बिंबाचा व्यास वर्षभर मोजला. व्यासातील फरक गतीतील फरकाच्या सुमारे निम्माच निघाला. म्हणजे गती खरोखरच बदलत होती. योहानेस केप्लर यांनी मांडलेल्या सिद्धांताला मिळालेला हा मोठा आधार होता, आणि तो पोपच्याच राज्यातील एका मंदिराच्या फरशीवर मिळाला. सूर्य फिरतो की पृथ्वी, या प्रश्नाला मात्र कॅसिनी यांनी हात लावला नाही. कारण दोहोंपैकी काहीही मानले तरी हे मोजमाप खरेच ठरत होते.

बोलोन्यातील वास्तव्यात त्यांना इतरही कामे करावी लागली. पो नदीच्या पुरामुळे बोलोन्या आणि फेरारा या नगरांत निर्माण झालेल्या तंट्यात त्यांनी जलतज्ज्ञ म्हणून काम पाहिले, किल्ल्यांच्या बांधकामावर देखरेख केली. रात्री मात्र त्यांची दुर्बीण आकाशाकडेच असे. रोमचे भिंगकार जुझेप्पे काम्पानी यांनी घडविलेल्या उत्कृष्ट भिंगांच्या साहाय्याने त्यांनी गुरूवरील ठिपक्याचा मागोवा घेतला आणि गुरू ९ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो असे १६६५ साली दाखविले. पुढल्याच वर्षी त्यांनी मंगळाचा दिवस २४ तास ४० मिनिटांचा असल्याचे ठरविले. ही दोन्ही मूल्ये आजच्या मूल्यांच्या अगदी निकट आहेत. १६६८ मध्ये त्यांनी गुरूच्या चार चंद्रांच्या ग्रहणांची कोष्टके प्रसिद्ध केली. या ग्रहणांचा घड्याळासारखा उपयोग करून पृथ्वीवरील स्थळांचे रेखांश काढता येत असल्यामुळे ती कोष्टके नकाशे तयार करणाऱ्यांना मोलाची वाटली आणि त्यांची कीर्ती पॅरिसपर्यंत पोहोचली.

४.३.३ पॅरिसचे आमंत्रण

फ्रान्सचा राजा चौदावा लुई आणि त्याचा मंत्री कोल्बेर यांनी पॅरिस येथे विज्ञान अकादमी स्थापन केली होती आणि वेधशाळेची इमारत उभी राहत होती. तिच्यासाठी युरोपातील नामवंत विद्वान त्यांना हवे होते. पोपने कॅसिनी यांना मर्यादित काळापुरती अनुमती दिली. १६६९ च्या वसंतात कॅसिनी पॅरिसला आले, ते कायमचेच. १६७३ साली त्यांनी फ्रान्सचे नागरिकत्व स्वीकारले आणि पुढल्या वर्षी एका फ्रेंच कुटुंबातील मुलीशी विवाह केला.

वेधशाळेची इमारत दिसायला देखणी होती, पण वेध घेण्याच्या दृष्टीने ती गैरसोयीची आहे, असे कॅसिनी यांचे मत होते. त्या काळच्या दुर्बिणी फार लांब असत. भिंगातील दोष कमी करण्यासाठी भिंगाचे नाभीय अंतर वाढवावे लागे आणि त्यामुळे दुर्बिणीची लांबी कित्येक मीटरपर्यंत जाई. पुढे तर नळीच वगळून भिंग उंच मनोऱ्यावर बसविण्यात आले आणि निरीक्षक खाली नेत्रभिंग घेऊन उभा राहू लागला. अशा अवघड साधनांनी, थंडीत, उघड्यावर वेध घेतले जात. १६७१ मध्ये कॅसिनी वेधशाळेतच राहावयास आले. त्यानंतर काही आठवड्यांतच त्यांच्या जीवनातील सर्वांत चिवट कोडे त्यांच्या दुर्बिणीत अवतरले.

४.३.४ एकाच बाजूला दिसणारा चंद्र

शनीचा टायटन हा उपग्रह ख्रिस्तियान हायगेन्झ यांनी १६५५ मध्ये शोधला होता. २५ ऑक्टोबर १६७१ रोजी कॅसिनी यांना शनीच्या पश्चिमेला, टायटनपेक्षा बऱ्याच अंतरावर, एक मंद ठिपका दिसला. तो शनीबरोबर सरकत होता. म्हणजे तो तारा नव्हता. शनीचा दुसरा उपग्रह होता. कॅसिनी यांनी त्याची कक्षा काढली. शनीभोवती एक फेरी पूर्ण करण्यास त्याला सुमारे ७९ दिवस लागतात असे आढळले.

यावरून तो शनीच्या पूर्वेला केव्हा येईल हे सांगता येत होते. कॅसिनी यांनी त्या दिवसांत पूर्वेला शोध घेतला, पण तेथे काहीही दिसले नाही. पुढे तो पुन्हा पश्चिमेला दिसला आणि फिरून पूर्वेला नाहीसा झाला. हे असेच चालू राहिले. याच काळात, १६७२ च्या डिसेंबरात, त्यांना ऱ्हीया हा आणखी एक उपग्रह सापडला. तो मात्र दोन्ही बाजूंना दिसत होता. म्हणजे दोष दुर्बिणीचा नव्हता.

येथे दुसरा एखादा निरीक्षक कक्षेचे गणित चुकले असे म्हणून थांबला असता. कॅसिनी यांनी न दिसणे हीच एक नोंद मानली. ठिपका नेमका एकाच बाजूला आणि प्रत्येक फेरीत नाहीसा होतो, तर त्याला नियमित कारण असले पाहिजे. त्यांनी आपल्या चंद्राचे उदाहरण घेतले. आपला चंद्र पृथ्वीला सदैव एकच बाजू दाखवितो. कारण तो जेवढ्या काळात पृथ्वीभोवती फिरतो तेवढ्याच काळात स्वतःभोवती फिरतो. शनीचा हा उपग्रहही तसाच असेल, तर कक्षेत पुढे जाताना त्याचा एक अर्धगोल कायम पुढे आणि दुसरा कायम मागे राहील. पश्चिमेला असताना तो आपल्यापासून दूर जात असतो, तेव्हा आपल्याला त्याची पाठ दिसते. पूर्वेला असताना तो आपल्याकडे येत असतो, तेव्हा त्याचा पुढचा भाग दिसतो. हा पुढचा भाग काळा आणि पाठ उजळ असेल तर सारा उलगडा होतो. पूर्वेला तो असतोच, फक्त दिसण्याइतका उजळ नसतो.

हा निष्कर्ष जितका सुंदर, तितकाच तपासण्यास कठीण होता. तो खरा असेल, तर अधिक चांगल्या दुर्बिणीतून उपग्रह पूर्वेलाही अंधुक का होईना दिसला पाहिजे. तशी दुर्बीण त्यांच्याजवळ नव्हती. कॅसिनी वाट पाहत राहिले. मधल्या काळात, १६८४ साली, त्यांनी टेथिस आणि डायोनी हे शनीचे आणखी दोन उपग्रह शोधले. अखेर १७०५ मध्ये, पहिल्या दर्शनानंतर सुमारे ३४ वर्षांनी, त्यांना तो उपग्रह शनीच्या पूर्वेला दिसला. पश्चिमेपेक्षा तो कितीतरी मंद होता. त्या वेळी कॅसिनी ८० वर्षांचे होते.

चारही उपग्रहांना त्यांनी राजाच्या सन्मानार्थ लुईचे तारे असे सामूहिक नाव दिले होते. ते टिकले नाही. आयापिटस हे ग्रीक पुराणातील एका टायटनाचे नाव या उपग्रहाला १८४७ मध्ये जॉन हर्शेल यांनी सुचविले.

आपली प्रगती तपासा – १
१. कॅसिनी यांना माल्व्हाझिआ यांनी का बोलावून घेतले?
२. सान पेत्रोनिओ येथील मोजमापावरून कोणता निष्कर्ष निघाला?
३. आयापिटस शनीच्या पूर्वेला का दिसत नव्हता?

४.३.५ शनीची कडी, सूर्याचे अंतर आणि सयामचे गणित

१६७५ मध्ये कॅसिनी यांना शनीच्या कड्यात एक काळी फट दिसली. एकसंध वाटणारे कडे प्रत्यक्षात दोन भागांचे आहे हे त्यामुळे कळले. ही फट आजही कॅसिनी यांच्या नावाने ओळखली जाते.

त्याआधी १६७२ मध्ये मंगळ पृथ्वीच्या जवळ आला असता त्यांनी एक मोठी मोहीम आखली. त्यांचे सहकारी झां रिशे दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे गेले आणि कॅसिनी पॅरिसमध्ये राहिले. एकाच सुमारास दोन दूरच्या स्थळांवरून मंगळाचे वेध घेतल्यावर त्याच्या स्थानात जो सूक्ष्म फरक दिसला, त्या फरकावरून, म्हणजेच पराशयावरून, मंगळाचे आणि त्यावरून सूर्याचे अंतर काढण्यात आले. ते सुमारे १४ कोटी किलोमीटर आले. आजचे मूल्य सुमारे १५ कोटी किलोमीटर आहे. सूर्यमाला किती विस्तीर्ण आहे याची पहिली भरवशाची कल्पना माणसाला या मोहिमेतून आली.

भारतीय वाचकांच्या दृष्टीने त्यांचे आणखी एक काम लक्षणीय आहे. सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला, गेलेले फ्रेंच राजदूत सिमाँ द ला लूबेर यांनी तेथून खगोलगणिताचे एक हस्तलिखित आणले. त्यात सूर्यचंद्रांची स्थाने काढण्याचे नियम होते, पण ते नियम का लागू पडतात याचे कोणतेही स्पष्टीकरण नव्हते. केवळ अमुक संख्येने गुणा आणि तमुक संख्येने भागा अशा सूचना होत्या. कॅसिनी यांनी त्या आकड्यांमागील तत्त्व शोधून काढले. ८०० वर्षांत २,९२,२०७ दिवस, तिथी आणि दिवस यांचे ठरावीक प्रमाण, अधिक महिन्यांची योजना अशा गोष्टी त्यांनी उलगडून दाखविल्या. आपल्या पंचांगाशी परिचित असणाऱ्या वाचकाला या कल्पना परक्या वाटणार नाहीत. कारण सयामचे हे गणित मुळात भारतीय ज्योतिर्गणितातून तेथे गेलेले होते. भारतीय ज्योतिर्गणिताचा युरोपात झालेला हा अगदी आरंभीच्या अभ्यासांपैकी एक होय. आयापिटसच्या बाबतीत न दिसणाऱ्या बाजूचा, तर येथे न सांगितलेल्या तत्त्वाचा शोध होता. बुद्धीची जात मात्र एकच होती.

४.३.६ नाकारलेली सत्ये

कॅसिनी यांच्या चरित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गुरूच्या चंद्रांची ग्रहणे त्यांच्या कोष्टकांप्रमाणे नेमकी होत नसत. कधी ती काही मिनिटे लवकर तर कधी उशिरा होत. प्रकाशाला प्रवास करण्यास वेळ लागत असेल, तर गुरू दूर असताना ग्रहण उशिरा दिसेल, ही कल्पना १६७५ च्या सुमारास स्वतः कॅसिनी यांनीच मांडली होती. परंतु लवकरच त्यांनी ती मागे घेतली. वेधशाळेतील त्यांचे तरुण डॅनिश सहकारी ओले रोमर यांनी तीच कल्पना उचलून धरली आणि १६७६ मध्ये अकादमीपुढे सिद्ध करून दाखविली. कॅसिनी यांचा विरोध निराधार नव्हता. हा फरक गुरूच्या पहिल्या चंद्राच्या बाबतीत स्पष्ट दिसे, इतर तीन चंद्रांच्या बाबतीत तो तसा नियमित दिसत नसे. कारण सर्वांना एकच असेल तर परिणामही सर्वांवर दिसला पाहिजे, असा त्यांचा रास्त आक्षेप होता. तरीही सत्य रोमर यांच्या बाजूला होते.

ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हे केप्लर यांचे म्हणणेही त्यांनी पूर्णपणे स्वीकारले नाही. त्याऐवजी त्यांनी वेगळ्या प्रकारचा अंडाकृती वक्र सुचविला. गणितात हा वक्र आजही त्यांच्या नावाने शिकविला जातो, पण ग्रह त्यावरून फिरत नाहीत. न्यूटन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतालाही त्यांनी अखेरपर्यंत विरोध केला.

एकाच माणसाच्या ठायी अशा दोन वृत्ती कशा नांदल्या, असा प्रश्न येथे पडतो. कॅसिनी हे मूलतः निरीक्षक होते. डोळ्यांनी दिसणाऱ्या आणि मोजता येणाऱ्या गोष्टींवर त्यांची निष्ठा होती. आयापिटसच्या बाबतीत प्रत्येक फेरीत तोच पुरावा त्यांना पुन्हा मिळत होता, म्हणून ते आपल्या निष्कर्षावर ३४ वर्षे ठाम राहिले. प्रकाशाच्या बाबतीत पुरावा अर्धवट होता आणि उरलेली वाट तर्काने चालावी लागणार होती. ती वाट चालण्यास ते तयार झाले नाहीत. त्यांचे सामर्थ्य आणि त्यांची मर्यादा यांचे मूळ एकाच स्वभावात होते. चरित्रलेखकाने थोर व्यक्तीच्या चुका झाकू नयेत असे आपण म्हणतो, ते याचसाठी. चुका वगळल्या तर यशाचे कारणही नीट कळत नाही.

४.३.७ अखेरची वर्षे

वृद्धापकाळातही कॅसिनी यांचे काम थांबले नाही. चंद्राचा मोठा नकाशा त्यांनी १६७९ मध्येच अकादमीला सादर केला होता. चंद्राच्या भ्रमणाचे नियम त्यांनी १६९३ मध्ये मांडले. फ्रान्सच्या अचूक मोजणीचे कामही त्यांच्या देखरेखीखाली पुढे सरकले. आयुष्यभर दुर्बिणीला लावलेले डोळे मात्र शेवटी निकामी झाले. मृत्यूपूर्वी वर्षभर आधी त्यांची दृष्टी गेली. १४ सप्टेंबर १७१२ रोजी पॅरिस येथे वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर पुत्र, नातू आणि पणतू यांनी वेधशाळेची धुरा सांभाळली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात पणतूने पद सोडले, तेव्हा कॅसिनी घराण्याच्या चार पिढ्यांची ही परंपरा संपली.

४.३.८ कोड्याचा पुढील प्रवास

कॅसिनी यांनी आयापिटसची एक बाजू काळी आहे हे सांगितले. ती काळी का आहे, हे सांगण्याचा दावा केला नाही. हा प्रश्न पुढील अडीचशे वर्षे तसाच राहिला. अशा रिकाम्या जागी साहित्यिकाची कल्पनाशक्ती शिरते. इंग्रज लेखक आर्थर सी. क्लार्क यांनी २००१ : अ स्पेस ओडिसी या कादंबरीत नेमकी हीच जागा निवडली. कादंबरीतील अंतराळवीर शनीपर्यंत जातो. आयापिटसवर त्याला एक रेखीव, उजळ लंबगोल आढळतो आणि त्याच्या मध्यभागी परक्या बुद्धिमत्तेने उभारलेली काळी शिळा असते. म्हणजे या चंद्राची लकाकी हा कोणीतरी मुद्दाम ठेवलेला संकेत ठरतो. त्याच नावाच्या चित्रपटात मात्र शनीऐवजी गुरू दाखविला गेला. क्लार्क यांनी खगोलशास्त्रातील खरे निरीक्षण घेतले आणि त्याचे कारण तेवढे कल्पनेने दिले. उत्तम विज्ञानकथेची ही एक ओळखीची रीत आहे.

त्यानंतर प्रत्यक्ष याने तेथे गेली. १९८० आणि १९८१ मध्ये व्हॉयेजर यानांनी छायाचित्रे पाठविली. कृत्रिम लंबगोल तेथे नव्हता. काळा आणि उजळ असे दोन प्रदेश मात्र स्पष्ट होते. १९९७ मध्ये निघालेले आणि २००४ मध्ये शनीपाशी पोहोचलेले यान तर कॅसिनी यांच्याच नावाचे होते. त्याने केलेल्या निरीक्षणांतून काळ्या बाजूचे कारण बरेचसे उलगडले. फीबी या शनीच्या दूरच्या उपग्रहाची कक्षा उलट्या दिशेची आहे. त्याच्यापासून निघालेल्या धुळीचे एक विराट, अतिविरळ कडे २००९ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीला आढळले. ही काळसर धूळ समोरून येऊन आयापिटसच्या पुढच्या अर्धगोलावर बसते. काळा पृष्ठभाग उन्हाने अधिक तापतो, त्यातील बर्फाची वाफ होते आणि ती वाफ थंड, उजळ भागावर जाऊन पुन्हा गोठते. आयापिटसचा दिवस ७९ पृथ्वीदिवसांचा असल्यामुळे तापण्यास भरपूर अवधी मिळतो. त्यामुळे काळा भाग अधिक काळा आणि उजळ भाग अधिक उजळ होत जातो.

एक कोडे असे सुटत असतानाच दुसरे समोर आले. ३१ डिसेंबर २००४ रोजी कॅसिनी यान आयापिटसजवळून गेले. काळ्या प्रदेशाच्या मधोमध, विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून, एक सलग डोंगररांग छायाचित्रांत दिसली. तिची लांबी सुमारे १,३०० किलोमीटर, रुंदी सुमारे २० किलोमीटर आणि उंची काही ठिकाणी १३ किलोमीटरपेक्षाही अधिक आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या उंचीची कल्पना येते. शिवाय ही रांग अवघ्या १,४७० किलोमीटर व्यासाच्या चंद्रावर आहे. त्या चंद्राचा आकार एखाद्या अक्रोडासारखा दिसतो तो तिच्यामुळेच.

ही रांग कशी निर्माण झाली याविषयी अनेक मते आहेत. आयापिटसचा आकार विषुववृत्तापाशी फुगीर आहे. असा फुगवटा सुमारे १६ तासांत स्वतःभोवती फिरणाऱ्या पिंडाला शोभतो. म्हणून पूर्वी तो वेगाने फिरत असावा, त्याचे कवच त्याच अवस्थेत गोठले असावे आणि गती मंदावताना ताणांमुळे ही रांग उचलली गेली असावी, असे काहींना वाटते. दुसऱ्या मतानुसार आयापिटसभोवती एकेकाळी कडे किंवा लहान उपचंद्र होता आणि त्याचे तुकडे विषुववृत्तावर कोसळून हा ढीग साचला. तिसरे मत असे, की आतील द्रव्य फटीतून वर आले. प्रत्येक मत काही गोष्टी समजावते आणि काही सोडून देते. रांग नेमकी विषुववृत्तावरच का, आणि शनीच्या इतर मोठ्या चंद्रांवर तशी का नाही, या दोन्ही प्रश्नांना एकत्र पुरे पडेल असे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही. ज्या चंद्रावर क्लार्क यांनी कृत्रिम रचना कल्पिली, त्याच चंद्रावर निसर्गाने त्याहून अनपेक्षित रचना उभारून ठेवली होती.

आपली प्रगती तपासा – २
१. प्रकाशाच्या वेगाविषयी कॅसिनी यांचा आक्षेप कोणता होता?
२. फीबीच्या धुळीचा आयापिटसवर काय परिणाम होतो?
३. विषुववृत्तीय डोंगररांगेविषयीची तीन मते सांगा.

४.४ सारांश

पेरिनाल्दोसारख्या लहान गावातून आलेले कॅसिनी बोलोन्या आणि पॅरिस येथे युरोपातील अग्रगण्य निरीक्षक ठरले. शनीचे चार उपग्रह, कड्यातील फट, गुरू व मंगळ यांचे भ्रमणकाल आणि सूर्याचे अंतर ही त्यांची मुख्य कामगिरी होय. आयापिटसच्या बाबतीत त्यांनी न दिसण्यालाच पुरावा मानले, त्यातून निष्कर्ष काढला आणि तो पडताळून पाहण्यासाठी ३४ वर्षे वाट पाहिली. प्रकाशाच्या वेगाबाबत मात्र त्यांनी योग्य कल्पना सोडून दिली. त्यांनी उघडलेले कोडे विज्ञानकथेने कल्पनेने भरले, विज्ञानाने काही अंशी सोडविले आणि त्याच चंद्रावर नवे कोडे सापडले. साहित्यिकाला अज्ञाताचे उत्तर कल्पिण्याचे स्वातंत्र्य असते. शास्त्रज्ञाला मात्र पुरावा मिळेपर्यंत माहीत नाही असे म्हणत काम चालू ठेवावे लागते. या दोन्ही वृत्तींचा फरक आणि त्यांचे नाते कॅसिनी यांच्या चरित्रातून स्पष्ट होते.

४.५ शब्दार्थ

याम्योत्तर रेषा : उत्तर-दक्षिण दिशेने जाणारी रेषा, सूर्य माध्यान्ही या दिशेला असतो.
विषुवदिन : दिवस आणि रात्र समान असण्याचा दिवस.
अयनदिन : सूर्य उत्तरेकडील किंवा दक्षिणेकडील टोकाला पोहोचतो तो दिवस.
पराशय : दोन वेगळ्या ठिकाणांहून पाहिल्यामुळे वस्तूच्या स्थानात भासणारा फरक.
नाभीय अंतर : भिंगापासून प्रकाशकिरण एकत्र येण्याच्या बिंदूपर्यंतचे अंतर.

४.६ स्वाध्याय

१. आयापिटसविषयीचा निष्कर्ष कॅसिनी यांनी कोणत्या क्रमाने काढला ते तुमच्या शब्दांत सुमारे २०० शब्दांत लिहा.
२. सामर्थ्य आणि मर्यादा यांचे मूळ एकाच स्वभावात असू शकते, या विधानाची कॅसिनी यांच्या चरित्राच्या आधारे चर्चा करा.
३. तुम्ही वाचलेल्या एखाद्या मराठी विज्ञानकथेत वास्तव निरीक्षण कोठे संपते आणि कल्पना कोठे सुरू होते, ते दाखवून द्या.
४. उपक्रम : घरातील पंचांगात तिथी आणि तारीख यांची एका महिन्याची तुलना करा. एखादी तिथी क्षय किंवा वृद्धी पावली आहे का ते नोंदवा आणि त्यामागील कारण शोधण्याचा प्रयत्न करा.